कोपऱ्यावरचा दिवा आणि कपड्यांची तार

गुहागरला समुद्राच्या अंगाची घरं ज्यांनी बघितलीयत त्यांना वेगळं सांगायला नको. रस्त्याला लागून घर, मागे विहीर, विहिरीमागे नारळी-पोफळीचं आगर, मग सुरूचं बन आणि पलीकडे थेट समुद्र. दिवसा बघत बसावं असं, आणि रात्री मागीलदारी गेलं तर पाय कुठे पडतोय ते कळत नाही. त्यामुळे हल्ली जवळजवळ प्रत्येक घरातून एकच मागणी येते, चारी कोपऱ्यांना दिवे लावून द्या, चांगले फक्क उजेड पडणारे. मी इलेक्ट्रिकची कामं करतो, गणपतीच्या आधी तर जेवायला वेळ नसतो कारण चाकरमानी यायच्या आत सगळ्यांना सगळं झालेलं हवं असतं.

असाच एक फोन डोंबिवलीहून आला. दादा म्हणाले, घरी आई-बाबा दोघंच असतात, कोपऱ्यांवर पन्नास वॅटचे चार फ्लडलाइट आहेत पण उजेड पुरत नाही, आई अंधारात अडखळते, तर ते काढ आणि शंभरचे लाव. आणि हो, तो ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा खटका, सारखा पडतो, आईला खुर्चीवर चढून वर करावा लागतो, तो काढून डायरेक्ट करून टाक. आधीचा वायरमनही म्हणत होता की ते पडणारं काढलं की कटकट संपेल.

हे 'डायरेक्ट करून टाक' मी कितीतरी घरांत ऐकतो आणि दरवेळी माझ्या पोटात गोळा येतो. मी म्हटलं दादा, आधी बघतो तर खरं, मग ठरवू.

श्रावणातला दिवस, घटकेत ऊन घटकेत पाऊस. मी आणि माझ्याबरोबरचा पोरगा सकाळी पोचलो. काकूंनी चहा दिला आणि गाऱ्हाणं सांगितलं, की हा खटका रोज नाही पडत रे, पाऊस असला की पडतो, आणि तोही दिवेलागणीला. कधी कधी भर दुपारी पण पडतो पण ते क्वचित. मी हे डोक्यात ठेवलं कारण खटका कधी पडतो यावरून निम्मा फॉल्ट कळतो. पाऊस आणि दिवेलागण म्हणजे बाहेरच्या दिव्यांमध्ये कुठेतरी पाणी आहे हे जवळपास नक्की.

थोडं सांगतो कारण बऱ्याच जणांचा इथे घोळ असतो. एमसीबी आणि आरसीसीबी (आपल्याकडे सगळे ईएलसीबीच म्हणतात) ही दोन वेगळी कामं करतात. एमसीबी वायर वाचवतो, म्हणजे लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की पडतो. दहा अँपिअरचा एमसीबी माणसाला शॉक लागला म्हणून पडणार नाही, कारण माणूस मरायला एका अँपिअरचा छोटासा भागसुद्धा पुरतो. आरसीसीबी हिशोब ठेवतो, फेजने जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलने परत आला का, आणि ३० मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला की क्षणात सप्लाय तोडतो. तो फरक म्हणजे करंट दुसऱ्या वाटेने जमिनीत चाललाय, आणि ती दुसरी वाट एखादा माणूस असू शकतो. म्हणून तो सारखा पडत असेल तर तो काहीतरी सांगतोय, त्याला काढायचं नसतं.

मग घराला फेरी मारली. चारही फिटिंग कौलांच्या बाहेर, भिंतीतून लोखंडी ब्रॅकेट काढून त्यावर बसवलेली, म्हणजे पाऊस थेट डोक्यावर. समुद्र एवढा जवळ की खाऱ्या वाऱ्याने स्क्रूंची डोकी गंजून गेलेली आणि ॲल्युमिनियमच्या बॉडीवर पांढरी भुकटी आलेली, ॲल्युमिनियमला लोखंडी स्क्रू लावला की खाऱ्या हवेत दोन्ही धातूंचं जमत नाही, जोडाच्या जागी ॲल्युमिनियम आधी खातं. वायर दोन कोअरची, म्हणजे अर्थ आणलेलाच नाही. आणि मागच्या न्हाणीच्या कोपऱ्यावर जॉइंटची डबी वर तोंड करून लावलेली, वायर वरूनच आत. पावसाला आमंत्रण दिल्यासारखं.

आणि त्या ब्रॅकेटला कपडे वाळत घालायची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार बांधलेली होती. एक टोक ब्रॅकेटला, दुसरं टोक समोरच्या माडाला. तारेवर चादरी, पंचे, गोधडीचा अभ्रा, सगळं चाकरमान्यांसाठी धुऊन टाकलेलं.

मी पोऱ्याला म्हटलं, डीबीचं (सगळे खटके असतात त्या पेटीचं) झाकण उघड, मेन बंद करून येतो. तो आत वळला तेवढ्यात समुद्राकडून आभाळ भरून आलं, बघता बघता संध्याकाळसारखं झालं. दिव्यांना डे-नाइट सेन्सर होता, एकच चौघांना मिळून. अंधारून आलं आणि चारही दिवे पेटले. दुपारी. आणि पहिला थेंब पडला तशा काकू "गो बाई माझ्या चादरी" म्हणत अनवाणी पडवीतून खाली धावल्या, हात वर करून तारेकडे.

मी आयुष्यात एवढ्या जोरात ओरडलो नसेन. "काकू थांबा! तारेला हात लावू नका!"

त्या जागीच थांबल्या. हात वरच. तारेपासून वीतभर.

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. सेन्सर दिवा लावतो अंधारून आल्यावर, पावसाळ्यात अंधारून येतं पाऊस यायच्या क्षणी, आणि पाऊस यायच्या क्षणीच बाईमाणूस कपडे काढायला धावतं, ओल्या अंगणात, बिनचपलेचं. उन्हात तीच तार निर्धोक असते, दिवसभर हात लावा काही होणार नाही, म्हणून कोणाला संशय येत नाही.

काकूंना पडवीत बसवलं. रबरी हातमोजे घालून तारेला टेस्टर लावला, पेटला. पण नुसता टेस्टर कधी कधी उगीच पण पेटतो म्हणून पंधरा वॅटच्या साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प काढला, एक टोक तारेला, एक जमिनीत ठोकलेल्या सळईला. बल्ब डोळा मिटावा तेवढा वेळ चमकला आणि आतून खट्ट असा आवाज आला, आरसीसीबी पडला. तार पूर्ण लाइव्ह होती. माड कोरडा असला की करंट फारसा वाहत नव्हता म्हणून खटका टिकत होता, माड भिजला की पडत होता. आणि हाच खटका मला काढून टाकायला सांगितलं होतं.

मेन बंद करून डबी उघडली. आत पाणी, काळपट, आणि त्यात मेलेल्या मुंग्या. फेजचा जॉइंट नुसता पिळून टेप मारलेला, टेप सुटून शेपटासारखी लोंबत होती आणि तांब्याचं उघडं टोक सरळ ब्रॅकेटला टेकलेलं. फेज-न्यूट्रल एकत्र करून बॉडीला मेगर (करंट कुठे गळतोय का ते मोजायचं मीटर) लावला तर काटा शून्यावरून हललाच नाही. चांगल्या फिटिंगला तो निदान एक मेगओहमच्या वर पाहिजे. ते टोक मी पोऱ्याला हातात घेऊन नीट बघायला लावलं, त्याला हा धंदा करायचाय.

दादांना फोन केला. सांगितलं काय झालं ते. पलीकडे बराच वेळ काही आवाजच आला नाही. मग म्हणाले, तुला जे योग्य वाटतं ते कर, मी मध्ये बोलत नाही.

मग खरं काम सुरू झालं, म्हणजे कुठल्या कोपऱ्याला कुठला दिवा. हे दुकानात बसून ठरत नाही, त्या माणसाबरोबर संध्याकाळी चालून बघावं लागतं. शिल्लक तीन फ्लडलाइटपैकी चांगला मेगर आलेला एक विहिरीच्या कोपऱ्याचा, तो तेवढ्यापुरता चालू केला आणि काकूंना म्हटलं चला, रोज जाता तशा विहिरीवर जाऊया. परत येताना काकूंनी काय केलं, तर कपाळावर आडवा हात धरला. उन्हात धरतो तसा. दिवा सरळ डोळ्यात येत होता. आणि जाताना तोच दिवा पाठीमागून, म्हणजे स्वतःची सावली बरोब्बर पायऱ्यांवर. जांभ्याच्या तीन पायऱ्या, कडेला हिरवं शेवाळ, आणि त्यावर काळीकुट्ट सावली. काकू अडखळत होत्या त्या उजेडामुळे. शंभरचा लावला असता तर सावली आणखी गडद झाली असती. वय झालं की डोळ्याला झगमगाट जास्त त्रास देतो आणि उजेडातून अंधारात नजर बसायला वेळ लागतो, काकूंना तर जास्तच.

तो दिवा बंद करून पोऱ्याला सांगितलं, बॅटरी घेऊन गडग्याशी (दगडी कुंपणाशी) बस आणि फूट-दीड फुटावर धरून बाजूने पायऱ्यांवर मार. आता प्रत्येक पायरीची कड वेगळी उठून दिसली, शेवाळसुद्धा चमकलं. काकू म्हणाल्या, "अरे एवढासा उजेड आणि सगळं दिसतंय की." म्हणून विहिरीला गडग्यात बसणारे दोन छोटे तीन-तीन वॅटचे दिवे ठरले, तोंड खाली, बॉडी चांगल्या प्लास्टिकची. स्टीलची घ्यायचीच तर ३१६ ग्रेडची घ्यावी, ३०४ वर इथे लवकर गंजाचे डाग येतात.

पुढचा कोपरा, बेड्याकडचा, म्हणजे फाटकाकडचा. इथे गणपतीत भजनी मंडळी रात्री-अपरात्री येतात. इथे नऊ वॅटचा, साधारण सात फुटांवर, कौलांच्या आत घेतलेला, पागोळ्या लागणार नाहीत असा, उजेड फक्त खाली. रंग ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर. लोकांना ६५०० चा पांढराफेक आवडतो कारण तो जास्त वाटतो, पण निळसर उजेडावर किडे जास्त येतात, किड्यांमागे पाली, बेडूक आणि बेडकांमागे साप. आपल्याकडे फुरशी आणि घोणशी असताना दाराशी किड्यांची जत्रा भरवायची नाही एवढं तरी पाळावं.

न्हाणीचा कोपरा मागीलदारी, तिथे मोशन सेन्सरचा. यात एक गोष्ट बघावी लागते, तो सेन्सर हलणारी उष्णता बघतो, समोरून सरळ चालत येणारं माणूस त्याला उशिरा कळतं, आडवं जाणारं लगेच. म्हणून तो दाराच्या समोर नाही, बाजूच्या भिंतीला. आणि केळीपासून लांब, नाहीतर तापलेली पानं वाऱ्यावर हलली की दिवा उघडझाप करत राहतो.

चौथा कोपरा समुद्राकडचा. तिथे काका म्हणाले एक मोठा असूदे, आगरात डुक्कर येतात. मी हात जोडले. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत. मादीला किनारा काळोखाचा लागतो, आणि पिल्लं वाळूतून वर आली की जिकडे जास्त उजळ तिकडे जातात. पूर्वी उजळ म्हणजे फक्त समुद्र. आता घरांचे फ्लडलाइट असले की ती उलटी, माणसांकडे चालायला लागतात. वनखात्याची आणि गावातली माणसं रात्री किनाऱ्यावर फिरून अंडी हॅचरीत नेऊन जपतात, पण प्रत्येक घरटं सापडतंच असं नाही. काका थोडे गप्प झाले, मग म्हणाले, लहानपणी आम्ही बघितलीयत रे कासवं, राहूदे अंधार. तिथे फक्त आतल्या बाजूला, जोत्याशी एक लहान, घराकडे तोंड असलेला, वेगळ्या बटणावर. डुकरांसाठी दुरुस्त केलेला गडगाच कामाला येतो.

हिशोब म्हणाल तर आधीचे दोनशे वॅट दहा तास जळत होते, म्हणजे महिन्याला साठेक युनिट. आता सगळे मिळून पंचवीस वॅटच्या आत आणि त्यातलेही सगळे रात्रभर नाहीत.

वायर तीन कोअरची घेतली, अर्थ प्रत्येक फिटिंगपर्यंत. वायर खालून आत, शिरण्याआधी खाली एक झोळ दिलेला म्हणजे पाणी तिथून गळून जातं. ग्लँड, म्हणजे वायर शिरते तिथलं पाणी अडवणारं बूच, घट्ट. डबीवर नुसतं आयपी ६५ (धूळ-पाणी आत जाणार नाही असा दर्जा) छापलेलं असून भागत नाही, ग्लँड ढिला असला तर त्या ६५ ला काही अर्थ नाही. दिवा रात्री तापतो, पावसाची सर आली की गार होतो आणि गार होताना ओली हवा आत ओढतो, त्यामुळे फट बारीक असली तरी पाणी साठतं. बाहेरच्या दिव्यांना स्वतंत्र आरसीसीबी दिला, आता तिकडे काही झालं तर घरातला फ्रिज-पंखा बंद पडणार नाही आणि काकूंना खुर्चीवर चढायला नको, डीबी खाली घेतला. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं हे काकांच्या कॅलेंडरवर संकष्टीच्या चौकटीत लिहून ठेवलं. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग तसंही नीट लागत नाही, नवीन खड्डा गणपतीनंतर मारायचा ठरला.

कपड्यांसाठी नायलॉनची दोरी, दोन माडांच्या मधे. घराला काहीच बांधायचं नाही.

निघता निघता काकू म्हणाल्या, ज्याने आमचे दिवे लावले त्यानेच पलीकडच्या वहिनींकडेही लावलेत. अंधार पडला होता, दोघांना भूक लागलेली, पण मी पोऱ्याला म्हटलं चल. त्यांच्या मागीलदारी बॅटरी मारली तर तेच ब्रॅकेट, तीच दोन कोअर वायर आणि ब्रॅकेटला तार, तारेवर लहान पोराची चड्डी-बनियन. डीबी उघडला तर आरसीसीबीच नाही, फक्त एमसीबी. वहिनी म्हणाल्या, तो सारखा पडायचा म्हणून मागच्या वर्षी काढून टाकलाय, आता गणपती झाले की बघू. मी म्हटलं वहिनी, गणपतीपर्यंत नाही. बाहेरच्या दिव्यांचा सप्लाय तोडला, पक्कडीने तार कापली, गाडीत एक आरसीसीबी होता तो बसवला आणि पैशाचं नंतर बघू म्हटलं. तो बसवून होईपर्यंत साडेनऊ झाले.