विहिरीतलं नायट्रेट टाकीचं की वावरातलं? माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात चाळीस घरांच्या वस्तीजवळच्या विहिरींत नायट्रेट कुठून येतं ते शोधायचं काम होतं. पहिले दोन दिवस पाण्याचा एकही नमुना घेतला नाही, नुसत्या संडासच्या टाक्या पाहिल्या. यादीत सगळ्या ‘सेप्टिक टँक’. झाकण उचललं की कळतं, बऱ्याच ठिकाणी तळाला काँक्रीट नाही, सांधे न भरता रचलेले दगड आणि खाली थेट मुरूम. म्हणजे तो शोषखड्डाच. ही नोंद नसली तर पुढचं सगळं गणित हवेत राहतं.

टाकीत ऑक्सिजन नसतो, त्यामुळे नायट्रोजन बहुतेक अमोनियाच्या रूपात असतो. मुरमात हवा लागली की जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते मातीला चिकटत नाही, पाण्यासोबत सरळ खाली उतरतं. आपल्याकडे वर भेगाळणारी काळी माती, खाली फुटका बेसाल्ट. विहीर टाकीपासून पंधरा मीटर दूर आहे म्हणून निर्धास्त राहू नये. भेग कुठून कुठे जाते ते फूटपट्टी सांगत नाही.

जमिनीखालचं पाणी कुठल्या दिशेला वाहतं ते कळायला भूजलाचा उतार काढायचा. त्याला तीन विहिरी लागतात, एका रेषेत नसलेल्या. इथे हमखास चूक होते. काठापासून पाणी मोजलं जातं, पण काठांची उंची वेगवेगळी. मिस्त्रीची लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) घेऊन आधी काठ एका पातळीला जोडा. मोटर चालू असताना मोजमाप नको. रात्रपाळीची वीज असेल तर पाणी परत चढेपर्यंत थांबा. त्यानंतर वस्तीच्या वरच्या अंगाची, म्हणजे भूजल जिकडून येतं तिकडची एक विहीर, मधल्या दोन आणि खालच्या अंगाच्या दोन निवडा. वरची विहीर सोडली तर तुलनाच उरत नाही.

नमुना अर्धा लिटर, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून. हातपंप असेल तर विद्युतवाहकता (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारं माप) स्थिर होईपर्यंत हापसायचं. बाटली बर्फात ठेवून ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत. ई. कोलायसाठी, म्हणजे मैल्यातून येणाऱ्या जिवाणूंसाठी, वेगळी निर्जंतुक बाटली. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट हवंच, नाहीतर बाटलीतच जंतू मरतात आणि पाणी खोटं स्वच्छ ठरतं.

अहवालात एका विहिरीचा नायट्रेटचा आकडा आला १२ मिलिग्रॅम प्रति लिटर. मर्यादा ४५, म्हणून सगळे निवांत. बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘नायट्रोजन म्हणून’, म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन. मर्यादा मात्र पूर्ण नायट्रेटची. ४.४३ ने गुणलं की ५३, म्हणजे आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाच्या मर्यादेच्या वर. नायट्रेट उकळून जात नाही, उलट घट्ट होतं.

आता दोष कुणाचा? क्लोराइड (मिठातला क्षार, मलमूत्रातूनही येतो), अमोनिया, ई. कोलाय सोबत तपासा. वरच्या विहिरीपेक्षा खाली नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही वाढले, तर वस्तीवर संशय. नायट्रेट वरच्या विहिरीतच जास्त असेल तर आधी वावरातला युरिया बघा. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात क्लोराइडवर विसंबू नका, पाणी मुळातच खारं. आणि गोठा, उकिरडा विसरू नका. नायट्रोजनच्या समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंची) महागडी चाचणी केली तरी शेणखत आणि मैला त्यात सहसा वेगळे निघत नाहीत. तो खर्च मी टाळतो.

शेवटी ताळेबंद, टाक्यांमुळे जास्तीत जास्त किती नायट्रेट होऊ शकतं त्याचा. २०० माणसं, माणशी दिवसाला ८ ग्रॅम नायट्रोजन धरला तर वर्षाला ५८४ किलो. निम्मा खाली पोचतो असं मानू: २९२ किलो. पाच हेक्टरवर १०० मिमी पुनर्भरण (पावसाचं जमिनीत मुरणारं पाणी) म्हणजे ५००० घनमीटर, संडासचं पाणी साधारण ११००. भागाकार ४८ मिलिग्रॅम प्रति लिटर नायट्रोजन, म्हणजे सुमारे २१२ नायट्रेट. यात बाहेरून वाहत येणारं पाणी धरलेलं नाही, म्हणून ही वरची टोकाची बाजू. विहिरीत याहूनही जास्त निघालं तर टाक्यांखेरीज आणखी काहीतरी आहे, किंवा टाक्यांची यादी चुकली आहे.

एकदाच तपासून निकाल देऊ नका. मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, त्याच पाच विहिरी. काठावर ऑइलपेंटची खूण करून ठेवा, पुढचा माणूस भलत्याच जागेवरून टेप सोडतो.