बस पुढे, प्रवासी मागे

रात्रभर बर्फ पडून उजाडलेला शनिवार म्हणजे स्कीच्या घाटात बससेवा चालवणाऱ्या आमची परीक्षा. वर हिमस्खलनाचा धोका, म्हणून स्फोट करून सैल बर्फ पाडतात. तोवर घाटाचं फाटक बंद. खाली गाड्यांची रांग वाढत जाते आणि फाटक उघडलं की सगळे एकदम सुटतात.

बसचं गणित इथेच फसतं. वर जाऊन परत यायला 70 मिनिटं लागत असतील आणि दर 10 मिनिटांनी बस हवी असेल, तर 7 बस पुरतात. कोंडीत तीच फेरी 140 मिनिटांची झाली की 14 लागतात. तेवढे ड्रायव्हर आणायचे कुठून? म्हणून पोलिसांच्या मागे लागून मी एक गोष्ट पदरात पाडून घेतली होती: फाटक उघडलं की आधी बस, मग गाड्या.

त्या शनिवारी ते झालं. कंट्रोल रूमच्या पडद्यावर बस एकामागोमाग एक सुटल्या. पण पहिल्या बसमध्ये माणसं 9. स्की ठेवायचे कप्पे मोकळे.

बाकीचे रांगेत होते. बस धरणाऱ्यांचं पार्किंग फाटकाजवळ, आणि तिथे जायचा रस्ता तोच. वळायचा दिवा लावून लोक गाडीत बसून राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बस गेली. पार्किंग तिथे का? सरकारी जागा, फुकटात मिळाली! चढलेले मोजायला बसच्या दारात सेन्सर आहे. बस हुकलेल्यांची नोंद कुठेच नाही. बैठकीत दाखवला गेला तो 9 चाच आकडा.

साहेबांना आता रोपवे हवाय. अमेरिकेत युटाच्या लिटल कॉटनवूड घाटासाठी 2023 मध्ये गोंडोलाच, म्हणजे बंद डब्यांचा रोपवेच ठरला; पण तिथेही आधी बस वाढवणं आणि टोल हे टप्पे आहेतच. शिवाय रोपवेच्या खालच्या स्टेशनापर्यंत लोक येणार कसे? स्वित्झर्लंडमधल्या मोटारबंदी असलेल्या झरमॅट गावाचं उदाहरण तर जो तो देतो: खालच्या टॅश गावात गाडी ठेवा, शेवटचे 5 किलोमीटर ट्रेनने जा. ती रेल्वे पार खाली दरीतल्या फिस्प गावापासून येते, गाडी घरीच ठेवता येते, हे कोणी बोलत नाही.

पार्किंग रांगेच्या शेपटाच्याही खाली, हमरस्त्याच्या फाट्याशी हवं. तिथली जागा खासगी आहे. मालक शनिवार-रविवारपुरती द्यायला तयार आहे, पण वर्षभराचा करार असल्याशिवाय लेखाविभाग फाईल हलवत नाही.