असादोच्या टेबलावर वजडी आधी येते

अर्जेंटिनाहून आल्यापासून जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो की तिकडे खाल्लंस काय, आणि सूर असा की बिचारीने ब्रेड आणि केळ्यांवर दिवस काढले असणार. आता आमच्या मोठ्या जाऊबाई आणि भाऊजी पण निघालेत, ब्युनॉस आयर्स, मग इग्वासूचा धबधबा, मग ब्राझील, आणि त्यांच्या टूरच्या ग्रुपवर दिवसभर मेसेज कसले तर थेपले किती घ्यायचे आणि लोणच्याची बाटली चेक-इन बॅगेत चालते का. जाऊबाई लालबागच्या, घरी रविवारी मटण असतंच, सुकट-बोंबील सगळं चालतं, आणि वजडी तर त्यांच्याच हातची खावी. अशा बाईने त्या शहरात जाऊन थेपले खायचे हे मला खरंच बघवत नाही, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. बाकी कोणी जाणार असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

तर असादो. लाकडाचे निखारे, त्यावर लोखंडी जाळी, जाळीवर मांस आणि भोवती माणसं, बस. तिकडे रविवारी घरोघरी हेच असतं, बांधकामावरचे कामगार दुपारच्या सुट्टीत साइटवरच जाळी मांडतात, फुटबॉल स्टेडियमच्या बाहेर पावात भाजलेला सॉसेज घालून चोरीपान विकतात. रेस्टॉरंटं गल्लोगल्ली, त्यांना पारिशा म्हणतात. पालेर्मो भागातली डॉन हुलियो 1999 पासूनची, 2023 मध्ये मिशेलिन गाइड (जगभरातल्या रेस्टॉरंटांना स्टार देतात ते) पहिल्यांदा अर्जेंटिनात आलं तेव्हा तिला स्टार मिळाला, तिथे टेबल हवं तर खूप आधी बुकिंग करावं लागतं. पण मी सांगतेय ते रेस्टॉरंट नव्हे. प्रवाशांसाठी टेस्टिंग ठेवतात काही लोक, एकच लांब टेबल, त्याला वेगवेगळ्या देशांतून आलेली माणसं, समोरच शेगडी, आणि असादोर म्हणजे आग सांभाळणारा माणूस स्वतः एकेक प्रकार कापून आणून देतो आणि हा जनावराच्या कुठल्या भागाचा, किती वेळ भाजला, आत्ताच का आणला ते सांगतो. रेस्टॉरंटमध्ये आपण मेन्यू बघतो, एक मोठा स्टेक मागवतो, पोट भरतं, संपलं. इथे थोडं थोडं आणि ठरलेल्या क्रमाने येतं, आणि माझ्या मते त्या क्रमातच सगळी मजा आहे.

आधी गायीचा विषय, कारण तो टाळून पुढे जाता येणार नाही. तिकडे मांस म्हटलं की गाय-बैलाचंच, हिअरफोर्ड आणि अँगस जातीची जनावरं. आपल्याकडे महाराष्ट्रात 2015 च्या कायद्याच्या दुरुस्तीनंतर गायीबरोबर बैल-वळूंची कत्तलही बंद झाली, इथे बीफ म्हणून जे मिळतं ते म्हशी-रेड्याचं, आणि आपल्यातल्या बऱ्याच घरांत तेही शिजत नाही. मी तिकडे खाल्लं. नवऱ्याने नाही खाल्लं, त्याच्यासाठी तो श्रद्धेचा प्रश्न आहे आणि मला त्याचा पूर्ण आदर आहे. आणि आम्ही दोघंही शेजारी शेजारी बसून रात्री बारा वाजेपर्यंत पोटभर जेवलो. बुकिंग करतानाच लिहून कळवलं होतं, तिकडे कोणी भुवई उंचावली नाही की का म्हणून विचारलं नाही. त्याला काय काय मिळालं ते खाली सांगते.

आम्ही नऊला पोचलो (तिकडे रात्रीचं जेवण नऊच्या आधी कोणी धरतच नाही) आणि आग त्याच्या बऱ्याच आधीपासून चालू होती. शेगडीच्या एका अंगाला लोखंडी सळ्यांचा पिंजरा, त्यात ओंडके जळत असतात, जळून निखारे झाले की सळ्यांमधून खाली पडतात, मग छोट्या फावड्याने ते ओढून जाळीखाली पसरायचे, एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ. म्हणजे ज्वाळा कधीही मांसाला लागत नाही, नुसती धग. लाकूड बहुतेक वेळा केब्राचो, उत्तरेकडच्या चाको भागातलं, इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं, पूर्वी याचे रेल्वेचे स्लीपर करायचे, आणि जड असल्यामुळेच निखारा पटकन राख होत नाही. जाळीच्या पट्ट्या सपाट नाहीत, पन्हळीसारख्या व्ही आकाराच्या, आणि जाळी जराशी पुढे उतरती. वितळलेली चरबी निखाऱ्यावर न पडता पन्हळीतून वाहत पुढच्या खाचेत जाते. चरबी आगीत पडली की भडका उठतो आणि मांसावर काळा कडवट थर बसतो, तो टाळायला ही सगळी रचना. आणि थर्मामीटर वगैरे काही नाही हां, तो माणूस जाळीवर तळहात धरायचा आणि मनात मोजायचा, किती वेळ धरवतो त्यावरून आच ठरवायची. मी मध्येच उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि खूप वेळ हलले नाही, मला जेवणाइतकंच ते बघायला आवडलं.

पहिलं आलं छोटं चोरीपान. त्यावर चिमिचुर्री, म्हणजे पार्सली, ओरेगॅनो, लसूण, सुक्या मिरचीचा भरडा, व्हिनेगर आणि तेल. तिखट अजिबात नाही पण आंबट-लसणी, मस्त. शेजारी साल्सा क्रिओशा, ती तर आपली कोशिंबीरच, कांदा-टोमॅटो-सिमला मिरची बारीक चिरून व्हिनेगर-तेलात.

आणि मग आल्या आचुरास, म्हणजे जनावराच्या आतल्या गोष्टी, आणि टेबलावरची अर्धी माणसं एकदम गप्प झाली. चिन्चुलिनेस म्हणजे लहान आतडं, बाहेरून कुरकुरीत होईपर्यंत भाजलेलं, वर लिंबू पिळलेलं. मोर्सिशा म्हणजे रक्ताचं सॉसेज, काळंभोर, आत एकदम मऊ. मोशेहास म्हणजे थायमस ग्रंथी, जनावर वाढतं तशी ती आक्रसत जाते म्हणून कोवळ्या जनावराचीच घ्यावी लागते, तिकडे हा महाग आणि मानाचा प्रकार आहे. बाहेरून खरपूस, आत जवळजवळ मलईसारखी, मी आयुष्यात खाल्लेल्या सगळ्यात चविष्ट गोष्टींपैकी एक. माझ्यासमोर कॅनडाची एक मुलगी बसली होती, तिने आतडं काट्याने बाजूला सारलं. मला मात्र काहीच परकं वाटलं नाही, उलट घरी आल्यासारखं झालं. अहो, आपण वजडी खाऊन मोठे झालो! गावाला जत्रेत बोकड पडलं की रक्ती होते, कांदा-मिरचीवर परतलेली, भाकरीबरोबर. भेंडीबाजारात बोहरी मोहल्ल्यात रात्री खिरी (म्हणजे कास)-गुर्दा-कलेजीच्या सळ्या निखाऱ्यावर फिरत असतात. आणि मटणाचं भांडं चुलीवर चढायच्या आधी कलेजी विस्तवावर भाजून पोरांच्या हातात दिली जाते हे तर सगळ्यांनी पाहिलंय. असादोतही नेमका हाच क्रम आहे आणि कारणही तेच. या गोष्टी लहान, लवकर होतात, मोठे तुकडे मंद आचेवर निवांत चालू असतात तोपर्यंत भुकेल्या माणसांच्या हातात काहीतरी गरम पडायला हवं. आणि पोटातलं मांस ताजंच खायचं असतं, ते थांबत नाही. म्हणून मला वाटतं मुंबईतला साधा मटण-वजडी खाणारा माणूस त्या टेबलाला जगातल्या कितीतरी प्रवाशांपेक्षा जास्त तयार असतो, फक्त त्याला तसं कोणी सांगितलेलं नसतं.

नंतरचं भराभर सांगते. एन्त्रान्या, जनावराच्या छाती-पोटामधल्या पडद्याचा भाग, लांब पट्टी, कडक आचेवर काही मिनिटंच, धाग्याच्या आडवं कापायचं नाहीतर चिवट लागतं. असादो दे तिरा, म्हणजे बरगड्या आडव्या करवतून काढलेली पट्टी, हाडाची बाजू खाली ठेवून बराच वेळ तशीच, मांसाची बाजू शेवटी थोडा वेळ. बासियो, कुशीचं मांस, वर पातळ पापुद्रा असतो तो कागदासारखा कुरकुरीत होतो आणि आतलं रसाळ राहतं, याला तासाच्या वर लागतो. शेवटी ओहो दे बिफे, म्हणजे रिबआय. कसं हवं विचारतात, हुगोसो म्हणजे आत लाल, आ पुंतो म्हणजे मधलं, आणि पूर्ण शिजलेलं हवं तरी मिळतं. आपल्याला लाल दिसलं की रक्त वाटतं पण ते रक्त नसतं, मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं स्नायूतलं. तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने आ पुंतोच सांगावं असं माझं मत.

मसाल्याचं काय, हे सगळे विचारतात. मसाला नाही. मॅरिनेट नाही, दही नाही, आलं-लसूण नाही, जाडं मीठ फक्त. आपल्या जिभेला हे ऐकूनच फिकं वाटतं पण माझं म्हणणं ऐका, तिकडच्या मांसाला मसाला लागत नाही याला इतिहास आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी गुरं आणली, पाम्पाच्या त्या न संपणाऱ्या गवतात ती मोकाट सुटली आणि इतकी वाढली की पुढे कितीतरी काळ माणसं कातडी आणि चरबीसाठी जनावर मारायची, मांस तसंच पडायचं. घोड्यावरून फिरणारे गाउचो ते उघड्यावर आगीशेजारी भाजून खायचे, जवळ मीठ असलं तर मीठ. 1876 मध्ये ल फ्रिगोरिफिक नावाचं बर्फाच्या थंडीत मांस नेऊ शकणारं फ्रेंच जहाज ब्युनॉस आयर्सला लागलं आणि मग तेच मांस युरोपात जायला लागलं, शहर त्यावर श्रीमंत झालं. विसाव्या शतकाच्या मध्याला माणशी वर्षाला 100 किलोच्या आसपास बीफ खायचे, आता महागाईने ते साधारण निम्म्यावर आलंय, लोक चिकन-पोर्ककडे वळलेत. एवढ्या मुबलक, ताज्या मांसात लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सगळी कला आगीत गेली. त्या टेबलावर कृपा करून पर्समधलं लोणचं काढू नका. पहिले दोन घास फिके लागतील, तिसऱ्याला जीभ मिठाची आणि धुराची चव ओळखायला लागते.

नवऱ्याचं जेवण. त्याला प्रोवोलेता आली, म्हणजे प्रोवोलोन चीजची जाड चकती जाळीवर भाजून वर ओरेगॅनो, इटलीहून आलेल्या लोकांची देणगी ही, बाहेरून सोनेरी आत वितळलेली. मग सिमला मिरचीच्या अर्ध्या वाटीत अंडं फोडून निखाऱ्यावर शिजवलेलं. पोर्कची बोन्दिओला, मानेकडचा भाग, लिंबाबरोबर. आणि चिवितो, म्हणजे करडू, मेंदोसा आणि नेउकेन प्रांतांतलं प्रसिद्ध आहे, आणि खरं सांगते, टेबलावरची सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती, मी त्याच्या ताटातलं निम्मं संपवलं. जाऊबाई, भाऊजी, तुम्ही हेच मागा. शाकाहारी माणसाला मात्र प्रोवोलेता, भाज्या, सॅलड आणि बटाटे यावर भागवावं लागेल आणि सगळं त्याच जाळीवर भाजलेलं असतं, ज्याला ते चालत नाही त्याने जाऊ नये.

वाइन मेंदोसाची माल्बेक. गोड म्हणून फ्लान, म्हणजे अंड्या-दुधाचं कस्टर्ड, आणि त्यावर दुल्से दे लेचेचा गोळा, दूध-साखर तासन्‌तास आटवलेली, चमचा तोंडात गेला आणि मला सरळ साताऱ्याचा कंदी पेढा आठवला. जेवण संपताना सगळे मिळून असादोरसाठी टाळ्या वाजवतात, तिकडची रीतच आहे ती, मला ती फार आवडली. आपल्याकडे चुलीपाशी उभं राहून सगळ्यांचं करणाऱ्या बाईसाठी कोणी टाळ्या वाजवल्याचं मी तरी पाहिलं नाही.

परत आल्यावर राहवेना, मग पाऊस सरल्यावर वसईला मैत्रिणीच्या वाडीत करून बघितलं. विटा रचल्या, लोखंडी जाळी टाकली, बाभळीचं लाकूड बाजूला जाळून निखारे ओढले. मटणवाल्याला सांगितलं सीन्याची पट्टी अख्खी ठेव, तुकडे करू नकोस, तो दोनदा विचारत होता की नक्की ना ताई. जाडं मीठ लावून हाडाची बाजू खाली, तासाभराच्या वर मंद आचेवर, शेवटी उलटून थोडा वेळ. वजडी घरून हळद-मीठ घालून उकडून नेली होती, ती आधी जाळीवर टाकली, कडा कुरकुरीत झाल्या की लिंबू. पार्सली नव्हती म्हणून कोथिंबिरीची चिमिचुर्री, चव वेगळी आली पण छान आली. जाऊबाईंनी वजडी खाल्ली, मग परत मागितली, मग विचारलं की तिकडे अशीच मिळते का. तशीच, फक्त गायीची असते, म्हणून तुम्ही चिवितो सांगा.

बुकिंग पोचल्या दिवशीचं करू नका, आपल्यात आणि त्यांच्यात साडेआठ तासांचा फरक आहे, नऊ वाजता टेबलावर बसलात तर शरीर पहाटे साडेपाचला जागरण करत असतं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्रीचं घ्या. दुपारी हलकं खा. गाय नको, बोकड-पोर्क-चिकन चालेल, हे बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, ऐनवेळी सांगितलं तर करडू मिळणार नाही कारण त्याला भाजायलाच काही तास लागतात.