भिंतीवरचा सातपुडा

आमच्याकडे खेड्यात भिंतीवर चढायचा मान दोघांचाच : देवाचा आणि गेलेल्या माणसाचा. म्हणून सातपुड्याचा फोटो मढवून आणला तेव्हा काकूने आधी विचारलं, "याले हार घालाचा काय?"

बर्फाचे डोंगर चालतात. खताच्या दुकानाच्या कॅलेंडरवरचं शिखर वर्ष सरलं तरी कुणी उतरवत नाही. परतवाड्याहून उत्तरेला दिसणारी निळी रेघ रोजचीच, तिला काच कशाला? वैशाखात ती धुळीत पुसूनही जाते. पाऊस उघडला की मात्र तिच्यामागच्या रांगा एकीपेक्षा एक फिकट होत उभ्या राहतात. माझा फोटो तेव्हाचा.

मढवायला हा डोंगर अवघड. वैराटचा माथा 1100 मीटरच्या वर, पण चित्रात सगळा आडवा पसारा. नजर ठरावी असं टोकच नाही. फ्रेमवाला सवयीनं 10 बाय 12 ची तयार चौकट पुढे करतो. कॅमेऱ्याचं माप 3 ला 2. त्या चौकटीत फोटो भरायचा तर रुंदीचा पाचवा हिस्सा छाटावा लागतो, आणि सातपुड्याची सगळी श्रीमंती रुंदीतच!

माझं म्हणणं, फोटो लहान ठेवावा, भोवती रुंद माउंट, म्हणजे जाड कागदाची कोरी पट्टी, खालच्या बाजूला बोटभर जास्त. फ्रेमवाल्याला ही कागदाची नासाडी वाटते. पण माउंट असला की काच फोटोला टेकत नाही. नाहीतर श्रावणातल्या ओलीनं फोटो काचेला असा चिकटतो की सोलताना निम्मा डोंगर काचेवर राहावा. माउंट अगदी पांढराशुभ्र नको, त्याच्याशेजारी मागच्या फिकट रांगा मळकट दिसतात. चौकट साधी सागाची. सोनेरी वेलबुट्टी लग्नाच्या फोटोला शोभते.

जुनी माणसं फोटो आढ्याजवळ, पुढे झुकवून टांगत. खालून नीट दिसे, दाराचा उजेडही काचेत चमकत नसे. मागच्या तिरप्या जागेत चिमणी संसार मांडायची, तेवढंच. मी डोळ्यांच्या उंचीवर लावला, दाराच्या समोरची भिंत टाळून.

त्याचा परिणाम असा, की येणारा प्रत्येक जण काचेवर बोट ठेवतो. "हे पाय, इथून धामणगाव गढीचा रस्ता वर जाते." "नाही बापा, तो या सोंडेच्या अलीकडं." गाविलगड नेमका कुठं, यावर तर चहा थंड होईस्तोवर वाद चालतो. फोटो मी काढलाय, मला ठाऊक आहे. पण मला विचारतं कोण?