दुसरा प्रश्न

‘तिघं मिळून एकावर तुटून पडले.’ हे वाक्य मी इथे अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसमध्ये ऑफिसात ऐकलं, मुलांच्या सॉकरच्या मैदानावर ऐकलं, आणि गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेतही ऐकलं. तिघं म्हणजे डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस आणि एबीसी वाहिनीचे दोन मॉडरेटर, म्हणजे प्रश्न विचारणारे सूत्रधार, डेव्हिड म्युर आणि लिन्सी डेव्हिस. एकटे पडले ते रिपब्लिकन उमेदवार डोनाल्ड ट्रम्प. 2024 च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी 10 सप्टेंबरला फिलाडेल्फियात झालेल्या डिबेटबद्दल खुद्द ट्रम्प यांचीही हीच तक्रार होती. मग 1 ऑक्टोबरला उपाध्यक्षपदाचे उमेदवार, ट्रम्प यांचे जोडीदार व्हान्स आणि हॅरिस यांचे वॉल्झ, समोरासमोर आले आणि हा वाद नव्याने पेटला, म्हणून लिहायला बसलो.

मला इथे मतदानाचा हक्क नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत आपण सगळे किती मागे उभे आहोत, ते तुम्हाला माहीत आहेच. पण टॅक्स मी इथे भरतो, माझी मुलं इथल्या शाळेत जातात, तेव्हा या विषयावर बोलायचा हक्क मला आहे असं मी मानतो. शिवाय मतदानाचा हक्क नसलेल्या माणसाला कुठल्याच बाजूचं लंगडं समर्थन करावं लागत नाही.

आधी स्प्रिंगफील्डबद्दल सांगतो, कारण ते आमच्यापासून तासाभरावर आहे. आय-70 हायवे धरून पश्चिमेला निघालं की लागतं. साठेक हजार वस्तीचं गाव. तिथे 2024 मध्ये, आधीच्या काही वर्षांत हैतीहून आलेली बारा ते पंधरा हजार माणसं कायदेशीर परवान्यावर राहून कामं करत होती. ट्रम्प भर डिबेटमध्ये म्हणाले की ही माणसं लोकांचे कुत्रे-मांजरं मारून खातात. म्युर यांनी तिथल्या तिथे सांगितलं की एबीसीने गावाच्या सिटी मॅनेजरशी बोलून घेतलंय आणि अशी एकही विश्वासार्ह तक्रार नाही. यात पक्षपात कुठे आला? त्यानंतरच्या दिवसांत त्या गावात बॉम्बच्या तीसहून अधिक खोट्या धमक्या आल्या. शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. आणि हे सांगणारे गव्हर्नर माइक डिवाइन ट्रम्प यांच्याच पक्षाचे आहेत. आपणही इथे बाहेरून आलेलेच, तेव्हा हे ऐकून गप्प बसणाऱ्या मॉडरेटरला मी तरी निष्पक्ष म्हणणार नाही.

पण याच रस्त्याने आणखी पुढे गेलं की डेटनजवळ वँडेलिया लागतं. 2024 च्या मार्चमध्ये तिथल्या सभेत ट्रम्प ‘रक्तपात होईल’ असं म्हणाले होते, ते परदेशी गाड्यांच्या आयातीबद्दल बोलता बोलता. हॅरिस यांनी डिबेटमध्ये तेच शब्द निवडणुकीचा निकाल मनासारखा लागला नाही तर दिलेली धमकी म्हणून मांडले. त्यावर दोन्ही मॉडरेटर गप्प राहिले. माझ्या टीममधला ट्रम्प-समर्थक सहकारी नेमकं यावरच बोट ठेवतो, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. एकाचं खोटं पकडायचं असेल तर दुसऱ्याचा सोयीस्कर अर्थही पकडायला हवा होता.

तरीही माझी खरी तक्रार वेगळी आहे आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. त्या रात्रीचा पहिलाच प्रश्न आठवा. अमेरिकन माणसाची स्थिती चार वर्षांपूर्वीपेक्षा बरी आहे का, असं म्युर यांनी हॅरिस यांना विचारलं. चार वर्षं उपाध्यक्षपदावर असलेल्या उमेदवारासाठी याहून योग्य प्रश्न नव्हता. त्यांनी मी मध्यमवर्गीय घरात वाढले इथून सुरुवात केली, पुढच्या योजना सांगितल्या, ट्रम्प यांच्यावर टीका केली. हो किंवा नाही काही आलं नाही. आणि म्युर सरळ ट्रम्प यांच्याकडे वळले. आता युक्रेनचा प्रश्न घ्या. युक्रेनने युद्ध जिंकावं असं तुम्हाला वाटतं का, हे ट्रम्प यांना विचारलं गेलं. त्यांनी युद्ध थांबायला हवं असं सांगितलं, तर म्युर यांनी तोच प्रश्न पुन्हा टाकला आणि हो की नाही ते सांगा म्हणाले. 6 जानेवारी 2021 ला त्यांच्या समर्थकांनी संसदेवर केलेल्या हल्ल्याच्या दिवसाबद्दल पश्चात्ताप आहे का, हेही एकदा विचारून सोडलं नाही. हे सगळं योग्यच होतं. पण हॅरिस यांनाही पहिल्याच प्रश्नावर पुन्हा विचारायला हवं होतं.

प्रश्नाच्या शब्दांवर सगळे भांडतात. माझ्या मते न्याय-अन्याय ठरतो तो दुसऱ्या प्रश्नात, म्हणजे उत्तर टाळलं की मॉडरेटर कोणाला अडवतो आणि कोणाला वाट देतो त्यात. शाळेतल्या वादविवाद स्पर्धेत एकाची घंटा वेळेवर वाजवली आणि दुसऱ्याला अर्धा मिनिट वाढवून दिलं, तर विषय कितीही चांगला असो, निकाल कोणी मानत नाही.

इथल्या जुन्या डिबेट बघायचा मला नाद लागलाय. 1976 मध्ये अध्यक्ष फोर्ड म्हणून गेले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. न्यूयॉर्क टाइम्सचे मॅक्स फ्रँकल थबकले आणि मी बरोबर ऐकलं ना, अशा अर्थाचं त्यांनी पुन्हा विचारलं. फोर्ड यांना सावरून घ्यायची ती संधी होती. त्यांनी ती घेतली नाही, आणि ते वाक्य त्यांना फार महागात पडलं. दुसरा प्रश्न उमेदवारावर उपकारही करू शकतो, हे मला तिथे कळलं.

1988 चं उदाहरण तर सगळेच देतात. मॉडरेटर बर्नार्ड शॉ यांनी डेमोक्रॅट उमेदवार डुकाकिस यांना विचारलं की तुमच्या पत्नीवर बलात्कार करून तिचा खून झाला तर तुम्ही मारेकऱ्याला फाशी मागाल का. क्रूर प्रश्न म्हणून त्याची आठवण काढतात. पण पुढचाच प्रश्न त्यांनी रिपब्लिकन उमेदवार बुश यांना केला होता, तो कोणाच्या लक्षात नसतो. तुम्ही निवडून आलात आणि शपथविधीच्या आधीच मरण पावलात, तर तुमचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार डॅन क्वेल अध्यक्ष होतील, त्याबद्दल काय म्हणाल? एकाला पत्नीच्या मरणाबद्दल विचारलं, तर दुसऱ्याला त्याच्या स्वतःच्या. मी शॉ यांच्या बाजूचा आहे. दोघांना सारखंच कठीण विचारणं हा न्याय आहे.

1 ऑक्टोबरच्या डिबेटमध्ये मात्र व्हान्स यांचं म्हणणं मला पटलं, आणि हे लिहिताना मला आनंद होत नाही. मॉडरेटर मार्गारेट ब्रेनन यांनी स्प्रिंगफील्डमधले हैतीचे लोक कायदेशीर आहेत असं सांगितलं, ते खरंच होतं. पण खरं-खोटं करण्याचं काम मॉडरेटर करणार नाहीत, ते उमेदवारांनी एकमेकांचं करायचं, असं डिबेट घेणाऱ्या सीबीएस वाहिनीने आधीच जाहीर केलं होतं. व्हान्स यांनी त्या नियमाची आठवण दिली आणि आपली बाजू सांगू लागले, तेव्हा विषय बदलायची घाई झाली आणि अखेर माइक बंद केले गेले. नियम करायचा नव्हता. केलात, तर पाळा.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे असलं काही होतच नाही. 2024 च्या मे महिन्यात, लोकसभेच्या निवडणुकीत, माजी न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी मोदी आणि राहुल गांधींना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं. राहुल यांनी होकार दिला, पण चर्चा झाली नाही. इथले लोक यावरून तुमच्याकडे प्रश्न विचारतच नाहीत का असं म्हणतात, तेव्हा मी उसळून उठतो. आपण 543 जागांवर खासदार निवडतो, दोन माणसांत एक निवडत नाही. शिवाय गावच्या सभेत उभं राहून नेत्याला जाब विचारणारा म्हातारा शेतकरी मी स्वतः पाहिलाय. तसा माणूस इथल्या बंद स्टुडिओत, प्रेक्षकांविना झालेल्या डिबेटमध्ये दिसला नाही.

पण हे मी बचावासाठी बोलतो, हे मलाही ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या विधानसभेच्या निवडणुकीचंच घ्या. 2024-25 मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना लातूरच्या शेतकऱ्याला त्याखाली का विकावं लागलं, हा प्रश्न महायुतीच्या नेत्यालाही विचारा आणि तुम्ही सत्तेत आलात तर नेमकं काय कराल, असं महाविकास आघाडीच्या नेत्यालाही विचारा. दोघांपैकी कोणीही शिवरायांवर किंवा गद्दारीवर बोलायला लागला, तर माइक हातात ठेवा आणि सोयाबीनचं पुन्हा विचारा.