आज विषुववृत्त ओलांडलं!

पहाटेच केबिनच्या दारांवर ढोल आणि शिट्ट्यांचा दणका. केपटाऊनहून घानातल्या टेमाकडे निघालेल्या आमच्या ‘सेमिस्टर ॲट सी’च्या (जहाजावरच शिकत फिरायचा कॉलेजचा कार्यक्रम) जहाजावर आज तासांना सुट्टी, फक्त नेपच्यून डे, म्हणजे पहिल्यांदा विषुववृत्त ओलांडणाऱ्यांचा गमतीदार सोहळा.

डेकवर समुद्रराजाचा दरबार भरला होता. डोक्यावर हिरवा चिकट द्रव ओततात, मग पूलमध्ये उडी, वर आलं की अख्ख्या माशाचा मुका आणि राजाच्या अंगठीला ओठ. झालात पॉलीवॉगचे (विषुववृत्त न ओलांडलेल्या नवख्याचे) शेलबॅक (ते ओलांडलेले)! मासा बर्फासारखा गार होता, खवला ओठाला चिकटून राहिला. रूममेटनं तर सगळे केस उतरवले. मशीन फिरत असताना तिनं माझा हात घट्ट धरला होता, आणि शेवटची बट पडली तशी ती जी हसली ना!

१८३२ साली बीगल जहाजावर तरुण डार्विनलाही यातून जावं लागलं होतं. डोळ्यांवर पट्टी, तोंडाला डांबर आणि रंग, वर लोखंडी पट्टीनं हजामत. तेव्हा नवख्यांना सहसा सुटका नसे. आज ज्यांना नको होतं ते बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मला तेच फार आवडलं.

आई, फोटो टेमाला पोचल्यावर टाकते. नेट अगदीच रडतंय.