धूळ थांबते, ओल थांबत नाही

आमच्या झोपायच्या खोलीत एक खुर्ची आहे, तिच्यावर कधी कोणी बसत नाही. ती कपड्यांची. कपाटात परत ठेवण्याइतके स्वच्छ नाहीत आणि धुवायला टाकण्याइतके मळलेलेही नाहीत, अशा कपड्यांचा मुक्काम तिथे. पाहुणे येणार असले की सगळा ढीग पलंगावर जातो आणि खोलीचं दार लोटून घेतलं जातं. नीटनेटक्या घरांत याला बेशिस्त म्हणतात, म्हणोत बापडे. घामाने दमटलेला सदरा घडी घालून कपाटात कोंडला तर चार दिवसांत त्याला कुबट वास येतो आणि शेजारच्या धुतलेल्या कपड्यांनाही लागतो. खुर्चीच्या पाठीवर तोच सदरा पंख्याखाली तास-दोन तासांत वाळतो. अट एकच, एका वेळी चार-पाचच कपडे. त्यावर ढीग गेला की खालच्यांना हवा लागत नाही, मग खुर्ची आणि कपाट यांत फरक काय राहिला?

अंथरुणाचंही तेच. उठल्या उठल्या चादर ताणून बसवली की रात्रीचा घाम गादीतच दबतो. पांघरूण उलटं टाकून, खिडकी उघडून अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा आणि मग आवरावं. हे ‘मग’ कधी उजाडतं, ते ज्याच्या त्याच्या घरचं.

कामं टाळायचीच असतील तर त्यांची विभागणी खोल्यांप्रमाणे किंवा वारांप्रमाणे करू नये, कोरडी आणि ओली अशी करावी. कोरडी कामं बिचारी वाट पाहतात. कपाटावरची धूळ आज पुसा नाहीतर पुढच्या महिन्यात, कष्ट तेवढेच. इस्त्रीचे कपडे, पुस्तकांची मांडणी, माळ्यावरचे खोके यांनी आजवर कोणाचं वाकडं केलेलं नाही. ओलं आणि तेलकट काम मात्र आपलं आपण वाढत जातं. आज दोन मिनिटांचं असतं, उद्या अर्ध्या तासाचं होतं. तेव्हा आळसाचा सगळा कोटा कोरड्यावर उधळावा.

कोरड्याचं थोडक्यात आटपते. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवायचा, वरखाली दाबून धरायचा आणि बाहेर ओढायचा. धूळ अभ्र्यात पडते, डोक्यावर आणि गादीवर नाही. दर वेळी वरून खाली यायचं: पंखा, मग कपाट, मग फरशी. उलट केलं की फरशी दोनदा. दिवाळीच्या तोंडावर हे सगळं एकदा होतं, अधूनमधून झालं तर बोनस.

स्वयंपाकघरातली धूळ मात्र कोरडी नसते. फोडणीचं तेल सूक्ष्म थेंबांच्या रूपात वर जातं आणि कपाटांच्या डोक्यावर, एक्झॉस्टच्या पात्यांवर, ट्यूबलाइटवर बसतं. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची हळूहळू प्रक्रिया होते आणि तो थर डिंकासारखा चिकट, पुढे वॉर्निशसारखा टणक होतो. तैलचित्रातलं जवसाचं तेल याच रीतीने वाळतं. ताजा थर साबणाच्या कोमट पाण्याने एका हातात निघतो, वर्षभराचा नखाने खरवडला तरी हलत नाही. त्यावर आधी थोडं साधं गोडेतेल चोळावं आणि दहा मिनिटं थांबावं. जुना चिकटा तेलात सैल होतो, मग भांडी घासायचं लिक्विड आणि गरम पाणी. तेल न चोळता थेट पाणी मारलं तर नुसतं माखतं.

त्याहून सोपं म्हणजे कपाटांच्या डोक्यावर वर्तमानपत्र अंथरून ठेवणं. चार-सहा महिन्यांनी गुंडाळून टाकायचं, नवं घालायचं. शेगडीच्या अगदी जवळ मात्र कागद नको. चिमणीची जाळी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवण्याआधी ती कशाची आहे ते पाहावं. स्टीलची असेल तर बादलीभर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे सोडा चालतो. ॲल्युमिनियमची असेल तर सोड्याने काळी पडते, तिला लिक्विडच बरं.

आता दूध. ते उतू जातं यात तुमच्या स्वभावाचा काही दोष नाही. तापताना प्रथिनं आणि स्निग्धांश यांचा पडदा पृष्ठभागावर धरतो, त्याच्याखाली वाफ कोंडते आणि सगळा पडदा उचलून बाहेर येतो. पातेल्यात पळी उभी ठेवली की तिच्या कडेने वाफेला वाट मिळते. पातेल्यावर आडवा ठेवलेला लाकडी कलथा फेस मोडतो खरा, पण कलथा तापला की त्याचाही धीर सुटतो. त्याच्या भरवशावर फोन घ्यायला जाऊ नये. दूध ओतण्याआधी पातेलं पाण्याने विसळून ते पाणी पूर्ण न निथळता तसंच ठेवलं, तर बुडाला कमी लागतं.

उतू गेलंच तर पुसणं उद्यावर ढकलायचं नाही, कारण हे ओलं काम आहे. शेगडी हाताला सोसवेल इतकी गार झाली की त्या जागेवर ओलं फडकं पसरून दहा मिनिटं ठेवायचं. पुढे एका हाताने पुसून निघतं, चमच्याने खरवडून ओट्यावर ओरखडे काढायची पाळी येत नाही. बर्नर उचलून धुवायचा आणि त्याची छिद्रं टाचणीने मोकळी करायची. तसाच ठेवला तर ज्योत पिवळी होते आणि प्रत्येक भांड्याचं बूड काळं करत सुटते. धुतलेला बर्नर मात्र पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये, ज्योत फडफडते.

बुडाला करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात करपट भाग बुडेल इतकं पाणी, दोन चमचे खाण्याचा सोडा, दहा मिनिटं उकळी. गार होईपर्यंत तसंच ठेवायचं. ‘भिजत ठेवलंय’ हे वाक्य इथे प्रामाणिकपणे वापरता येतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच. ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा कुकर असेल तर सोडा नको, चिंचेचा कोळ किंवा लिंबाची साल टाकून उकळावं, काळेपणाही जातो. कुकरच्या तळाशी घालायच्या पाण्यात रोज लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचं बुटुक टाकलं की तो आतून काळा पडतच नाही.

साय साठवण्यात आळशी घराची खरी परीक्षा असते. भांडं फ्रीजमध्ये जातं, रोज थर चढतो आणि लोणी काढायचा दिवस पुढे पुढे सरकत राहतो. दहा-बारा दिवसांनी साय कडू लागते, तिच्यावर पिवळट कड धरते. फ्रीजच्या थंडीतही वाढणारे काही जिवाणू स्निग्धांश आणि प्रथिनं फोडत असतात, त्यातून हा कडूपणा येतो. उपाय पहिल्याच दिवशी करायचा: रिकाम्या भांड्यात चमचाभर ताजं दही घालून त्यावर साय काढायला सुरुवात करायची आणि नवी साय घातली की एकदा ढवळायचं. आंबटपणामुळे नको ते जिवाणू दबून राहतात. हे आठवडाभर छान टिकतं. आठवड्यात एकदा रवी हातात घेणं आपल्याच्याने होणार नाही, अशी खात्री असेल तर भांडं सरळ फ्रीजरमध्ये ठेवावं.

लोणी करायच्या आदल्या रात्री भांडं बाहेर काढायचं आणि विरजण नीट लागू द्यायचं. उन्हाळ्यात चार-पाच तास पुरतात, थंडीत रात्रभर. घुसळताना सगळा खेळ तापमानाचा. साय कोमट असेल तर लोणी मऊ पडून ताकातच पसरतं, गोळा धरत नाही. फार गार असेल तर रव्यासारखे कण फिरत राहतात. म्हणून उन्हाळ्यात बर्फाचं पाणी आणि थंडीत किंचित कोमट. मिक्सरमध्ये करायचं तर भांडं अर्ध्याच्या वर भरू नये आणि थांबत थांबत फिरवावं, नाहीतर पात्याच्या उष्णतेने लोणी वितळतं. लोण्याचा गोळा दोन-तीन पाण्यांतून धुवायचा, पाणी जवळपास नितळ दिसेपर्यंत. ही पायरी गाळण्याचा मोह फार होतो. गाळली तर ताकाचा अंश लोण्यात राहतो, कढवताना तोच तळाशी लागतो, बेरी वाढते आणि तुपाला आंबट वास राहतो.

कढवताना मंद आच. अर्धा किलो लोण्याला साधारण 20 ते 25 मिनिटं. आधी पांढरा फेस आणि तडतड. तडतड थांबत आली की पाणी संपलं समजायचं. तूप नितळ होतं, तळाची बेरी बदामी दिसते. तिथेच गॅस बंद, कारण जाड बुडाचं भांडं पुढे काही मिनिटं आपल्या उष्णतेने कढवतच राहतं. गरम तुपावर घट्ट झाकण ठेवू नये. वाफ झाकणाला लागते, पाणी होऊन तुपात पडते आणि इतक्या खटाटोपाने बाहेर घालवलेली ओल परत आत. तुपाचं रिकामं पातेलं घासायचं कोणी? कोणीच नाही. त्यात कणीक घ्यायची, बेरीसकट मळायची. पोळ्या खुसखुशीत होतात आणि घासायला जवळपास काही उरत नाही. आजीच्या पिढीची ही काटकसर आळशी माणसाने बिनदिक्कत स्वतःच्या नावावर खपवावी.

सकाळची कणीक संध्याकाळसाठी ठेवली की काळपट होते. गव्हाच्या कोंड्याजवळ एक एन्झाइम असतं, ते हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने हा रंग आणतं. रंगाने काही बिघडत नाही, पण पोळ्या बघून घरातले नाकं मुरडतात. गोळ्याला तेलाचा हात फिरवायचा, गोळा जेमतेम मावेल अशा लहान डब्यात दाबून बसवायचा आणि घट्ट झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवायचा. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठीक. आंबूस वास आला तर पोळीचा आग्रह सोडावा.

रव्यातल्या किड्यांवर मात्र आळस चांगलाच लागू पडतो. त्यांची अंडी बहुतेक वेळा दुकानातूनच येतात, त्यामुळे डबा कितीही घासलात तरी उपयोग नाही. रवा आणला की पिशवी न फोडता चार दिवस फ्रीजरमध्ये टाकावी. एवढंच काम. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर हवेतलं बाष्प गार रव्यावर धरतं आणि गुठळ्या होतात. भाजून ठेवायची सवय असेल तर मंद आचेवर सात-आठ मिनिटं, सारखा हलवत. मग परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायचा. कोमट रवा डब्यात भरला की झाकणाच्या आतून थेंब पडतात आणि बुरशी येते. मसाल्याचा डबा उकळत्या भाजीवर धरून तिखट झटकणं हाही त्यातलाच प्रकार: वाफ डब्यात, पुढच्या आठवड्यात तिखटाचे खडे.

पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात कपड्यांची रडकथा नव्याने सांगायला नको. कपडे मशिनमध्ये रात्रभर राहिले की वास येतो. त्यामागे मोराक्सेला नावाचे जिवाणू असतात, ते धुण्यातून आणि वाळण्यातूनही तगून राहतात. म्हणून वास आलेला टॉवेल वाळला की ठीक वाटतो आणि अंग पुसायला घेतला की पुन्हा घमघमतो. साबण जास्त घालून फायदा नाही, उलट उरलेला साबण धाग्यात बसून त्यांनाच खाऊ होतो. सुती टॉवेल 60 अंशांच्या पाण्यात धुवावेत, सॉफ्टनर वगळावा. पुढून दार उघडणाऱ्या मशिनचं रबर पुसून दार फटीएवढं उघडं ठेवावं. दार बंद न करणं हे इथे अधिकृत काम आहे, याहून चांगली बातमी कुठली? घरात वाळवताना दोन कपड्यांत चार बोटं अंतर आणि स्टँडवर थेट टेबलफॅन. पंख्याशिवाय बंद खोलीत वाळवले तर भिंतीला बुरशी येते.

एक जागा आळसाला अजिबात माफ नाही: ब्लीच आणि ॲसिडचं टॉयलेट क्लीनर एकदम ओतून ‘दोन्हीची कामं एकदाच’ करणं. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरबरोबरही ब्लीच नको. एक वापरलं की भरपूर पाणी ओतून जागा साफ करायची, दुसरं दुसऱ्या दिवशी.

गावाला जाताना घर आवरून जायची काहींना हौस असते. त्यापेक्षा ओल्याच्या चार गोष्टी पाहाव्यात. केराचा डबा रिकामा. सिंकची जाळी साफ. मोरीच्या जाळीत मगभर पाणी ओतून वर चमचाभर खाद्यतेल. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साठलेलं पाणीच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. वापर नसला की ते काही आठवड्यांत उडून जातं. तेलाचा तवंग असला की उडायला वेळ लागतो. मग कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रीजच्या मागचा ट्रे. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात. नगरपालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते तो यासाठीच. नुसतं पाणी ओतून चालत नाही, अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कित्येक महिने कोरडी तग धरतात आणि पाणी आलं की फुटतात, म्हणून ताटली घासणीने घासायची. खुर्चीवरचे कपडे तसेच राहू द्या.